कोणत्या तिथीला येताय?

द्राक्षाचा सीझन संपल्याशिवाय आमच्या घरात सुट्टीचं नाव निघत नाही. मी पिंपळगाव बसवंतला एका निर्यातदाराकडे हिशेब बघते. डिसेंबरअखेर ते एप्रिल कंटेनर, पॅकहाऊस आणि शेतकऱ्यांची पेमेंटं यातून मान वर होत नाही. समुद्रावर थंडीत जावं, हवा चांगली असते, पाणी शांत असतं, हे मला दरवर्षी कोणी ना कोणी ऐकवतं. खरंच आहे ते. पण थंडीत मला रजा नाही आणि मुलांना शाळा. आमच्या वाट्याला येतो मे. घाम, गर्दी आणि डोक्यावर येऊन ठेपलेला पाऊस, हे सगळं धरूनच समुद्र निवडायचा.

मागच्या वर्षी आम्ही निवडलाच नव्हता. बुद्धपौर्णिमेची सुट्टी जोडून आली आणि ह्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, नाशिकला सगळ्यात जवळचा समुद्र डहाणू-बोर्डीचा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत दुपारी निघालो आणि साडेपाचच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचलो. समोर समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण पार लांब, एक चकाकती रेघ दिसत होती तेवढाच. मधे नुसती ओली, काळपट, चिखलमिश्रित वाळू. ओम चप्पल घालूनच धावत सुटला आणि पन्नास पावलांवर एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. सासूबाई सुरूच्या झाडाखाली बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आपली गंगा शहाणी बाई. जवळचा समुद्र सोडून उगाच नाही लांब गेली."

गंगा म्हणजे अर्थात गोदावरी, नाशिकला तिला दुसरं नाव नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, आणि ही बाई पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला गेली. बोर्डीत चिकू खाल्ले, रात्री मुक्काम केला आणि सकाळी परत. त्या परतीच्या वाटेवर मी ठरवलं, पुढच्या वेळी नीट बघून जायचं. नीट बघायचं म्हणजे काय बघायचं, ते मात्र तेव्हा माहीत नव्हतं.

यंदा मार्चमध्येच फोनाफोनी सुरू झाली. पुण्याचे भाऊजी आणि जाऊबाई आमच्याबरोबर येणार होते, म्हणजे एकूण सात जण. त्यात सासूबाई ७३ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ओम चौथीतून पाचवीत, सावरकर तरणतलावात एक उन्हाळा हातपाय मारलेला, त्यामुळे स्वतःला पट्टीचा पोहणारा समजणारा. सई दहावीत जाणारी, म्हणजे तिला काहीच नको होतं आणि सगळंच हवं होतं.

भाऊजींनी सुरुवात थेट फुकेतपासून केली. त्यांच्या ऑफिसातलं कोणीतरी जाऊन आलं होतं. पण ते आलं होतं जानेवारीत. फुकेत थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. मे महिन्यात नैर्ऋत्येचे वारे तिथेही सुरू होतात, लाटा वाढतात आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. उन्हाळ्यात जायचंच तर पलीकडच्या आखातातलं कोह सामुई बरं, कारण तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. एवढं सगळं शोधून झाल्यावर सासूबाईंचा पासपोर्टच नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं. फुकेत संपलं.

मग अंदमान. यावर मात्र आमचे चांगले दहा-बारा दिवस गेले, कारण फोटो बघितले की माणूस विरघळतो. राधानगर बीच, त्याला २०२० साली मिळालेलं स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं ब्लू फ्लॅग मानांकन, पिठासारखी पांढरी वाळू, मागे उंच जंगल. सईने तर मोबाईलच्या वॉलपेपरवर लावूनही टाकला. मी हिशेबाच्या सवयीने एक तक्ता केला: कसं जायचं, किती तास, आईंना किती पायऱ्या, पाऊस कधी. तक्ता भरत गेले तसतसं अंदमान लांब जायला लागलं. नाशिकहून मुंबई, तिथून चेन्नई नाहीतर कोलकाता करत श्री विजयपुरम (२०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर), तिथून बोटीने स्वराज द्वीप, तिथून गाडीने राधानगर. धक्क्यावरून बोटीत चढताना-उतरताना त्या गुडघ्याचं काय, या रकान्यात मी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. आणि पाऊस! मोसमी पाऊस केरळात १ जूनला येतो हे आपण पाठ केलेलं असतं, पण तो त्याच्या आधी अंदमानला पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यात राधानगर बेटाच्या पश्चिम अंगाला, म्हणजे वारा आणि लाटा थेट अंगावर घेणारा. मला रजा मिळणार मेच्या मध्यावर. आणखी एक गंमत कळली. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण अंदमान पार पूर्वेला, त्यामुळे मे महिन्यातही तिथे पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो. आमचं सातजणांचं लटांबर दुपारचा चहा घेऊन बाहेर पडेपर्यंत तिथे दिवेलागण व्हायची.

लक्षद्वीपचं तर मला अजूनही वाईट वाटतं. तिथल्या बेटांना प्रवाळाचं कडं असतं. लाटा बाहेर त्या कड्यावर फुटतात आणि आतलं पाणी परातीतल्यासारखं संथ राहतं. सासूबाई आणि ओम, दोघांनाही एकाच वेळी निर्धास्त सोडावं असा समुद्र तोच. पण प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, राहायच्या जागा मोजक्या आणि कोचीहून पुढचं जहाज किंवा विमान. सात जणांचं हे गणित मार्चमध्ये सुरू करून मेमध्ये सुटणारं नव्हतं.

गोव्याला आम्ही जवळजवळ गेलोच होतो. नाशिकरोडला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की पनवेलवरून कोकण रेल्वेने थेट मडगाव, मधे कुठे उतरणं नाही. दक्षिण गोव्यातला पाळोळेचा किनारा चंद्रकोरीसारखा आत वळलेला, त्यामुळे पाणी बऱ्यापैकी शांत. गोव्यात किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, झेंडे असतात, लाल झेंड्यापुढे गेलात तर शिट्टी वाजते. मुलं बरोबर असली की या गोष्टीचं मोल हॉटेलच्या स्टारपेक्षा जास्त आहे असं माझं मत. पण रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं उघडल्या उघडल्या संपतात. आम्ही चर्चा करत बसलो तोवर वेटिंग लिस्ट तीन आकडी झाली होती. सासूबाईंनी त्यावर काही दुःख केलं नाही.

त्यांच्या मनात गणपतीपुळे होतं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. लग्नानंतरच्या वर्षी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. देऊळ, मागची टेकडी, तिला घालायची प्रदक्षिणा, सगळं देखणं. पण पाण्यात घोट्यापर्यंत उभी होते आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू अशी सर्रकन ओढली गेली की मी बसलेच. तिथे किनारा एकदम खोल होतो. दर्शनाला जावं, डुंबायला नाही.

या बसण्यातूनच आमची पहिली खरी कसोटी निघाली. सई म्हणाली, "आई, सगळे फोटो लाटांचे बघ. वाळूचे नको." तिने दोन फोटो शेजारी ठेवले. एकात लाटांच्या चार-पाच पांढऱ्या ओळी एकामागे एक, लांबपर्यंत. दुसऱ्यात एकच लाट, मोठी, अगदी कडेला आपटणारी. किनारा सपाट असेल तर लाट लांबूनच तळाला घासत, फुटत, दमत येते. उतार तीव्र असेल तर ती सगळी ताकद राखून शेवटच्या क्षणी पायाशी आदळते. मग आम्ही कोकणातल्या एकेका किनाऱ्याच्या लाटांच्या ओळी मोजायला बसलो. तारकर्लीचं पाणी नितळ, पण नाशिकहून फारच लांब. हरिहरेश्वरला खडक. दापोलीजवळच्या मुरुड-कर्दे पट्ट्यात मात्र फोटोगणिक पाच-पाच ओळी. वाळू घट्ट आणि सपाट, गुडघ्याच्या माणसालाही चालता येईल अशी. महर्षी कर्व्यांचं मुरुड ते हेच. सासूबाईंना हे कळल्यावर गणपतीपुळ्याचं थोडं विस्मरण झालं. पलीकडे आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे हे सांगितल्यावर पूर्णच.

भाऊजी उत्साही माणूस. "मुरुड ना? मी करतो बुक," म्हणाले आणि तासाभरात दोन हजार आगाऊ भरून पावती पाठवली. मला पावती बघून बरं वाटलं. चार दिवसांनी मी सहज त्या लॉजवाल्याला फोन केला आणि विचारलं, मासळीचा लिलाव बघायला हर्णै तुमच्याकडून किती लांब. तो गप्प. मग म्हणाला, "ताई, हर्णै रत्नागिरी जिल्ह्यात. आम्ही रायगडात. समोर जंजिरा आहे, तो दाखवू का?" मुरुड दोन आहेत हे मला माहीत होतं, भाऊजींना नव्हतं. निम्मे पैसे परत आले. उरलेल्या निम्म्यांचा विषय जाऊबाई अजून काढतात.

मग जाऊबाईंच्याच मैत्रिणीकडून दापोलीच्या मुरुडातल्या एका घरगुती मुक्कामाचा नंबर मिळाला. नारळी-पोफळीची वाडी, मागच्या दारातून निघालं की पाच मिनिटांत पुळण. फोन एका काकूंनी उचलला. मी सात जण, तीन रात्री, एक जण वयस्कर, संडास कमोडचा हवा, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"कोणत्या तिथीला येताय?"

मी म्हटलं, तारीख अजून नक्की नाही, पण बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला धरून.

"मुलं आहेत ना बरोबर? मग पौर्णिमा कशाला धरता? उधाण असतं. भर दुपारी पाणी वर आणि संध्याकाळी तुम्ही चहा पिऊन पुळणीत जाल तेव्हा पाणी गेलेलं. अष्टमीच्या आसपास या. भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, आणि संध्याकाळी भरतं."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णय फ्रिजशेजारी टांगलेलं असतं. गेली वीस वर्षं मी त्यात चतुर्थी, एकादशी आणि दूधवाल्याचे खाडे बघते. समुद्राचं वेळापत्रक त्यात आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सईला मात्र आठवलं. शाळेच्या भूगोलात होतं म्हणे: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. नंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. रोज साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे, कारण चंद्र रोज तेवढा मागे पडतो. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच.

"आता बोर्डीचं काढ," मी म्हटलं.

पौर्णिमा, म्हणजे पंधरा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले. साडेपाच.

साडेपाच! आम्ही साडेचार तास गाडी चालवून बरोब्बर ओहोटीच्या तळाला पोचलो होतो. तेही पौर्णिमेला, जेव्हा सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि पाणी सगळ्यात लांब जातं. वर आणखी एक भर: कोकणच्या किनाऱ्यावर जसजसं उत्तरेला खंबायतच्या आखाताकडे जावं तसतशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, कारण ते आखात नरसाळ्यासारखं निमुळतं आहे. गोव्यापेक्षा मुंबईला जास्त, मुंबईपेक्षा डहाणूला जास्त. म्हणजे बोर्डीचा बिचारीचा दोषच नव्हता. सुट्टी बघून निघालो ही चूक आमची. ओमची चप्पल आमच्या अज्ञानाने गेली.

मग सुट्टीचा नाद सोडला आणि वैशाख वद्य सप्तमी ते नवमी धरली. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात. मे महिन्यात तिकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे तिन्ही दिवस ऊन उतरल्यावर पाणी भरत येणार. लाँग वीकेंड नसल्यामुळे काकूंनी खोलीचे पैसेही कमी लावले. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी जायचं होतं, तेही जमलं. कोकणात जाऊन बर्फातला मासा खायचा म्हणजे पिंपळगावला येऊन बेदाणे विकत घेण्यासारखं.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, पनवेलनंतर अंग खिळखिळं, कशेडीच्या बोगद्यात मुलांची आरडाओरड, खेडला वडापाव. नाशिकहून एका दिवसात होतं, पण पहाटे चारला निघावं लागतं.

पहिल्या संध्याकाळी साडेचारला पुळणीत गेलो. काकूंचा मुलगा डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची घेऊन पुढे. पाण्याच्या कडेपासून दोन हात अलीकडे त्याने ती ठेवली आणि सासूबाईंना बसवलं. पाचेक मिनिटांत एक पातळ लाट खुर्चीच्या पायांत शिरली. मागचा पाय वाळूत रुतला, खुर्ची कलली. त्याने हसत हसत दोन हात मागे घेतली. पुन्हा पाच-सात मिनिटांनी तेच. सासूबाईंनी साडी पोटऱ्यांपर्यंत खोचून घेतली होती आणि पाय लांब करून प्रत्येक लाटेची वाट बघत होत्या. साडेपाचपर्यंत खुर्ची आठ वेळा मागे सरकली, मी मोजलं. नवव्यांदा सरकवायची वेळ आलीच नाही. पाणी पायापाशी यायचं आणि थबकायचं. सई घड्याळाकडे बघून ओरडली, "पंधरा मिनिटं लेट!" पाऊणच्या पाढ्याला एवढं माफ.

पाणी संथ होतं असं मी म्हणणार नाही. मेमध्ये ते नसतंच. दुपारनंतर वारा सुटतो, लांबवर लाटांच्या माथ्यावर फेसाचे पांढरे घोडे दिसतात. पण ओळी खरंच पाच होत्या, आणि शेवटची ओमच्या कमरेला गुदगुल्या करण्याइतकीच उरायची. काकूंच्या मुलाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, पाणी भरतंय तोवर खेळा, उतरायला लागलं की बाहेर. दुसरी मला माहीत नव्हती आणि ऐकून अंगावर काटा आला. लाटांच्या ओळींमधे एखादी फट दिसते, तिथे लाट फुटत नाही, पाणी गडद आणि शांत वाटतं. नवखा माणूस नेमका तिथे पोहायला जातो. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायची वाट ती. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत निघायचं. त्याने लांब उजवीकडे एक जागा दाखवली. मला काही वेगळं दिसलं नाही. दहा मिनिटं टक लावून बघितल्यावर दिसलं, फेसाची एक काडी उलटी, समुद्राकडे चालली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ओम टॉवेल घेऊन तयार. अष्टमी, सहाची भरती होऊन गेलेली, पाणी उतरत होतं. नाही म्हटलं. त्याने एवढा तमाशा केला की शेजारच्या खोलीतले उठून बघायला आले. त्यांची मुलं त्या वेळी पाण्यातच होती आणि त्यांना काही झालं नाही, हेही खरं. पण मी ऐकलं नाही. त्याऐवजी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलो. सासूबाई पायऱ्या बघून थबकल्या, मग भाऊजींनी वरपर्यंत जाणारा गाडीरस्ता शोधून काढला. मुरुड प्रकरणाची त्यांनी अशी फेड केली.

नवमीला भरती उशिरा, म्हणून चारला हर्णै. लिलाव म्हणजे काय असतो ते मला रोज दिसतं, पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उघडतात तेव्हा. इथे क्रेटऐवजी वाळूवर मांडलेले ढीग, बोटींपाशी गेलेल्या बैलगाड्या, आणि बोली इतक्या पुटपुटत लावतात की शेजारच्याला कळू नये. मी एका ढिगापाशी उभी राहून भाव लिहून घ्यायला लागले तर मासेवाली म्हणाली, "काय लिवतंय? घेयाचं तं घे." सुरमई घेतली. ह्यांचं म्हणणं, मी महाग घेतली.

परतल्यावर नाशिकला चिकट अंगानेच दोन दिवस झोपलो. दमटपणा हा मेमधल्या समुद्राचा खरा कर आहे, तो कुठल्याही तिथीला माफ होत नाही. भाऊजींचा फोन आला, दिवाळीत पुन्हा जाऊ, आता तर हवा पण छान असेल. मी हो म्हणणार तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावला आणि कालनिर्णयची पानं उलटायला घेतली.

"दिवाळी म्हणजे अमावास्या," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी पाणी लांब. भाऊबीज होऊ दे. पांडवपंचमीला निघू."